ब्रिटॅनिक बघायचंय, पण कार्ड ओपन वॉटरचं आहे

प्रश्न : ऑगस्टमध्ये मी आणि बायको ग्रीसला जातोय. माझ्याकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पातळीचं कार्ड आहे, ती डाइव्ह करत नाही. केआ बेटाजवळ टायटॅनिकची बहीण ब्रिटॅनिक बुडालीये असं वाचलं, ती बघता येईल का? आणि खाली एखादं खापर सापडलं तर आठवण म्हणून आणलं तर चालतं का?

उत्तर : ब्रिटॅनिक तुम्हाला नाही बघता येणार, आणि कोणी नेतो म्हणाला तर त्याच्याबरोबर अजिबात जाऊ नका. हॉस्पिटल म्हणून वापरलेलं हे जहाज 21 नोव्हेंबर 1916 ला जर्मन पाणबुडीने पेरलेल्या सुरुंगावर आदळलं आणि साधारण 55 मिनिटांत बुडालं, 30 माणसं गेली. ते पडलंय जवळपास 120 मीटरवर. जहाजाची लांबी 269 मीटर, म्हणजे खोलीच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे मागचा भाग वर असतानाच नाक तळाला टेकलं होतं! 1975 मध्ये फ्रेंच समुद्र-संशोधक जाक कुस्तो यांच्या टीमने ते शोधून काढलं. तेवढ्या खोलीवर दाब जमिनीवरच्या तेरापट असतो, साधी हवा श्वासात घेतली तर त्यातला ऑक्सिजनच विषारी होतो, नायट्रोजनने डोकं चालेनासं होतं, म्हणून तिथे जाणारे लोक हीलियम मिसळलेला गॅस वापरतात आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत कित्येक तास घालवतात, शिवाय सरकारी परवानगी लागते ती वेगळीच. तुमच्या कार्डाची मर्यादा 18 मीटर.

पण मला विचाराल तर तुमच्यासाठी याहून भारी जागा आहे, अलोनिसोस बेटाजवळचं पेरिस्तेरा हे छोटं बेट. तिथे तळाशी आहे इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं व्यापारी जहाज, पोटात वाइनचे हजारो अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उंच मातीचे रांजण. लाकूड कधीच कुजून गेलं, पण रांजण जिथल्या तिथे राहिले आणि त्यांच्या ढिगालाच जहाजाचा आकार आलाय. हे 1985 मध्ये एका मच्छीमाराला दिसलं, 2020 पासून ते पाण्याखालचं म्युझियम म्हणून लोकांसाठी खुलं आहे, ग्रीसमधलं पहिलंच. ढीग साधारण 22 मीटरपासून सुरू होऊन 30 च्या आसपास जातो, म्हणून आधी अ‍ॅडव्हान्स्डचा, म्हणजे पुढच्या पातळीचा कोर्स करून घ्या, त्याची मर्यादा 30 आहे. तो कोर्स तिथे पोचून घाईत उरकू नका, आधीच करा आणि थोड्या खोल डाइव्ह करून सवय लावा, नाहीतर खाली सगळं लक्ष खोली आणि हवा दाखवणाऱ्या गेजकडेच राहील आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचं ते जहाज नीट बघणंच होणार नाही. तिथे एकट्याने उतरता येत नाही, मान्यता असलेल्या सेंटरच्या गाइडबरोबरच जावं लागतं, तेही सीझनमध्येच, त्यामुळे बुकिंग लवकर करा.

खापराचं म्हणाल तर नाही, हातसुद्धा लावू नका. ग्रीसमध्ये 50 वर्षांपेक्षा आधी बुडालेलं जहाज किंवा विमानसुद्धा संरक्षित वारसा मानलं जातं, आणि प्राचीन वस्तू उचलणं हा गंभीर गुन्हा आहे, पार तुरुंगापर्यंत जातं प्रकरण. कायद्याचं सोडा, एक रांजण कुठे, कशाशेजारी पडलाय यावरूनच माल कुठे भरला आणि जहाज कसं बुडालं हे संशोधकांना कळतं, तुम्ही तो तुकडा उचलला की ती माहिती कायमची गेली. फोटो काढा हवे तेवढे.

बायकोसाठी अलोनिसोसला माहिती केंद्र आहे, तिथे व्हीआर चष्मा लावून पेरिस्तेराचं जहाज बघता येतं. आसपास नॅशनल मरीन पार्क आहे, मंक सील नावाचे दुर्मीळ सील तिथे राहतात, बोटीची सफर दोघं मिळून करा, दिसतीलच असं नाही पण समुद्र सुंदर आहे.

जवळचा विमानतळ स्कियाथोस बेटावरचा, तिथून बोट. परत येताना मात्र शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसू नका, रक्तातला जादा नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावाच लागतो, आणि अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर पूर्ण एक दिवस ठेवा.