ड्रॅगनबाईची उचल किती?

*ताई, मी दर्यापूर तालुक्यातला. वय 74. नात सहावीत आहे. सुट्टीत ती मोबाइलवर एक जपानी कार्टून पाहून राहिली होती, मीही चष्मा लावून बसलो. त्यात एक ड्रॅगन कामवाली होऊन एका बाईच्या घरी राहते. सोताची शेपटी कापून भाजी करते अन् मालकिणीले वाढते! नात खदखदा हासे, मले काही समजेना. मायं आयुष्य गडीमाणसाइत गेलं. आमच्या घरी दोन सालदार होते, पाडव्याले ठरत. म्हणून इचारतो. या बाईची उचल किती? एवढी ताकतवान असून ते भांडे काहून घासते? अन् नातीले हे पाहू द्यावं का?*

काका, आधी नाव सांगते, म्हणजे नातीशी बोलता येईल. मालिकेचं नाव ‘मिस कोबायाशीज ड्रॅगन मेड’. कूल-क्यो शिन्जा या टोपणनावाच्या चित्रकथाकाराने 2013 साली ही गोष्ट सुरू केली आणि क्योतो अ‍ॅनिमेशनने 2017 मध्ये तिची मालिका केली. तेरा भागांची. मी भाच्यासोबत पाहिली. तो नागपूरहून पोळ्याला आला होता आणि माझ्याकडची लाईट गेली की पॉवर बँकवर पाहायचा. मी पुरणाचा घाट घालता घालता तिरप्या नजरेने पाहत होते, चौथ्या भागापासून पाटच घेऊन बसले.

उचलीचं, म्हणजे सालाच्या बोलीवर आधी हातात पडणाऱ्या पैशांचं म्हणाल, तर शून्य. कोबायाशी ही कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारी बाई. बसून बसून कंबर गेलेली, घरी एकटी. एका रात्री भरपूर पिऊन डोंगरात भटकते. तिथे पाठीत तलवार रुतलेला ड्रॅगन पडलेला असतो. ही ती तलवार उपसते, त्याच्यासोबत आणखी पिते आणि नशेत म्हणते, राहायला जागा नाही ना, मग माझ्याकडे चल. सकाळी तिला यातलं काहीच आठवत नाही. ऑफिसला निघताना दार उघडते तर समोर हे एवढं थोरलं तोंड! पाहता पाहता त्याची पोरगी होते, कामवालीच्या कपड्यातली, डोक्यावर शिंगं आणि मागे जाडजूड शेपटी. तिचं नाव तोहरू. कोबायाशी आधी ‘नको’च म्हणते. मग लक्षात येतं की ऑफिसला उशीर झाला. तोहरूच्या पाठीवर बसून आभाळातून ऑफिस गाठते आणि बाईला ठेवून घेते. ठरवाठरव इतकीच. पाडवा नाही, उचल नाही, वर्षाचे कपडे नाहीत.

शेपटीचा विनोद मलाही आधी किळसवाणा वाटला. पण ती पुन्हा पुन्हा तेच करते. वेगळा मसाला, वेगळं भांडं, आत शेपटीच. कोबायाशी ‘नको’ म्हणते, ही हिरमुसते. तुमच्याकडे एखादी नवी सून आली आणि रोज काहीतरी करून समोर ठेवते, कोणी खात नाही, तरी ठेवते, तसं ते चाललेलं असतं. हसू तिथे आहे, रश्श्यात नाही.

आता ‘ते भांडे काहून घासते’. काका, हे तुम्ही मला विचारता? एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षं कावडीने पाणी भरत होता, तो कोण होता? पैठणला तो रांजण आजही दाखवतात. जनाबाईच्या जात्याला हात कोणी लावला? आपल्याकडे देवालाच घरगडी करायची जुनी खोड आहे, मग जपान्यांनी ड्रॅगनला केलं तर काय बिघडलं! फरक एवढाच की श्रीखंड्या कोण होता ते तो गेल्यावर कळलं. तोहरूला लपवायचं जमतच नाही. कोबायाशी सोडून बाकी माणसं तिला किड्यामुंगीसारखी वाटतात, आणि ती ते तोंडावर बोलूनही दाखवते. मालकिणीला कोणी जरा त्रास दिला की हिची जाळपोळीची तयारी. कोबायाशीचा अर्धा दिवस तिला आवरण्यातच जातो. आता कोण कोणाचं काम करतंय, सांगा.

तुम्ही पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी पाहिलेले आहात. बैलाने मनात आणलं तर शिंगावर घेऊन भिरकावून देईल. त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळून आपण त्यालाच म्हणतो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ गड्याला बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, मिळते तीही त्याच सणाला. कार्टूनातली ही बाई म्हणजे बैलही आणि गडीही. तुमच्या जागी मी असते तर नातीला हे सांगितलं असतं, तिला पोळ्याचं आवतन ठाऊक नसेल.

राहता राहिला तिने पाहावं की नाही हा प्रश्न. एकटीने नाही. कार्टून आहे म्हणजे लेकरांचंच आहे असं नसतं. हिच्यात छातीवरून केलेले विनोद आहेत, आणि एका लहान पोरावरून केलेले काही तर मला अजिबात आवडले नाहीत. ते काढले असते तर गोष्टीचं काडीचं नुकसान नव्हतं. आठवी-नववीत गेली की पाहू द्या. तोवर तुम्ही आधी पाहून ठेवा, म्हणजे वाद घालायला मजा येईल.

मालिकेचा दुसरा हंगाम 2021 चा. पहिल्याचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो 2019 च्या जुलैत गेले. एकाने स्टुडिओलाच आग लावली होती, 36 माणसं गेली. दुसऱ्या हंगामातही त्यांचं नाव येतं. ती नावांची पाटी मी पुढे ढकलत नाही.

*मी अकरावीत आहे, यवतमाळला होस्टेलवर. मैत्रिणींनी ‘हयाते द कॉम्बॅट बटलर’ लावलं. त्यात आईबाप जुगारात हरतात आणि पोराच्या डोक्यावर कर्ज ठेवून पळून जातात. सगळ्या हसल्या. मी उठून पाणी प्यायला गेले. आमच्या घरी बँकेचं आहे आणि कृषी केंद्राचंही. मी जास्तच मनाला लावून घेते का?*

नाही गं. ही गोष्ट लिहिणारे चित्रकथाकार केंजिरो हाता यांनी तो आकडा मुद्दाम पूर्ण लिहिला आहे, 15 कोटी 68 लाख 4 हजार येन. विनोद त्या वरच्या चार हजारांत आहे. पण तुझ्या घरीही आकडा असाच शेवटच्या रुपयापर्यंत पाठ असणार, म्हणून तुला तो विनोद म्हणून ऐकूच आला नाही. पुढे काय होतं ते सांगते, कारण तू उठून गेलीस. सावकार गुंड आहेत, ते पोराचे अवयव विकायला निघतात. घाबरून तो एका श्रीमंत पोरीला पळवायला जातो. तो जे बोलतो त्याचा तिला प्रेमाची कबुली दिल्यासारखा अर्थ लागतो. ती कर्ज फेडते आणि याला घरात बटलर म्हणून ठेवते. म्हणजे वरच्या काकांच्या भाषेत, उचल मालकिणीने दिली आणि हा सालदार झाला. किती साल राबला की फिटेल, याचा हिशोब करून बघ, तुझ्या वयात मला तेवढंच सुचलं असतं.

हसू आलं नाही तर पाणी प्यायला जायचं. कारण सांगायचंच असेल तर एकीला सांग, सगळ्या खोलीला नको.

*‘ड्रॅगन मेड’मधली काना शेपटीचा प्लग लावून वीज खाते. आमच्या गावात ती काय खाईल? (इयत्ता सातवी, मी आईजवळ बसून पाहतो.)*

दिवसा उपाशीच. पण शेतातल्या पंपाची लाईट रात्री येते ना? बाबा ओलिताला निघाले की तिला सोबत पाठव. आणि आधी सांगून ठेव, गव्हाला पाणी लागेपर्यंत तिने शेपटी लावायची नाही.