वाचकांचे प्रश्न : मचूळ विहीर आणि आरओचे मेम्ब्रेन

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते, म्हणून घरी आरओ बसवले. पहिल्या मेम्ब्रेनची धार वर्षभरात करंगळीएवढी झाली. दुसऱ्याची धार अजून जोरात आहे, पण पाणी पुन्हा मचूळ लागते. हे मेम्ब्रेन बनते कसे, आणि ते अधिक टिकाऊ करता येत नाही का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : तुमच्या दोन मेम्ब्रेनना दोन निरनिराळी दुखणी झालेली दिसतात. ती समजण्यासाठी आधी घडण पाहू.

आरओच्या नळकांड्यात गुंडाळलेले पटल, म्हणजेच मेम्ब्रेन, तीन थरांचे असते. तळाशी पॉलिएस्टरचे न विणलेले कापड, त्यावर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि सर्वांत वर पॉलिअमाइडची साय, जिची जाडी मायक्रॉनच्या पाचव्या-दहाव्या भागाइतकीच असते. मीठ अडते ते या सायीवर. खालचे दोन थर तिला दाबाखाली फाटू न देण्यासाठी आहेत.

मधला थर आंबोळीसारखा तयार होतो. पॉलिसल्फोन डायमिथिल फॉर्मअमाइडसारख्या द्रावकात विरघळवून त्याचे दाट पीठ कापडावर पात्याने एकसारखे पसरतात आणि लगेच पाण्यात बुडवतात. द्रावक पाण्यात निघून जातो, पाणी आत शिरते आणि पाण्यात न विरघळणारे पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे द्रव्य, इथे पॉलिसल्फोन) जागच्या जागी थिजते. आंबोळीचा जो भाग तव्याला आधी भिडतो तो घट्ट बसतो आणि बाकीच्या जाडीत जाळी पडते. इथे तव्याचे काम पाणी करते, एवढाच फरक. पिठात पॉलिमरचे प्रमाण वाढवले तर छिद्रे बारीक होतात, पण पाणीही कमी झिरपते. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन मिसळून जाळी मोकळी करतात. वर पातळ घट्ट त्वचा आणि खाली सच्छिद्र भाग अशी रचना सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६०च्या सुमारास सेल्युलोज अॅसिटेटमध्ये साधली आणि आरओ प्रयोगशाळेबाहेर पडण्याजोगे झाले.

वरची साय ही १९७०च्या दशकातील जॉन कॅडॉट यांच्या कामाची देणगी. पॉलिसल्फोनचा थर एका अमाइनच्या पाण्यातील द्रावणाने भिजवतात, जास्तीचे पाणी रबरी रुळाने निपटतात आणि वर हेक्झेनसारख्या द्रवात विरघळवलेले आम्ल-क्लोराइड ओततात. हे द्रव एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोन्ही रसायने केवळ सीमेवर भेटतात आणि काही सेकंदांत तिथे पॉलिअमाइडची साय धरते. साय धरली की तिच्यातूनच अमाइनला वर येणे कठीण होते, म्हणून ती आपोआप पातळ राहते. मला या सगळ्या प्रक्रियेत हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

आता दुखणी. धार बारीक होते ती पृष्ठभागावर लोह, क्षार, कुजलेल्या पाल्यातील सेंद्रिय द्रव्ये आणि जिवाणूंचा चिकट थर बसल्यामुळे. धार जोरात असूनही पाणी मचूळ लागते तेव्हा बहुधा साय फुटलेली असते, आणि पॉलिअमाइडचा मोठा वैरी म्हणजे क्लोरीन. विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीन सोडणारी जंतुनाशक भुकटी) टाकत असाल आणि यंत्रातील कार्बन फिल्टर वेळेवर बदलला नसेल, तर आधी संशय तिथे घ्यावा.

पटलात सुधारणा चालल्या आहेत त्या मुख्यतः पहिल्या दुखण्यावर. पृष्ठभाग पाण्याला जितका धरून ठेवील तितका त्यावर पाण्याचा घट्ट थर राहतो आणि मळाला बिलगायला जागा उरत नाही. त्यासाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा लेप देतात, प्लाझ्मा किंवा अतिनील किरणांनी पृष्ठभागावर जलस्नेही साखळ्या रुजवतात किंवा पिठातच टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण घालतात. तुमच्या खडपांवरचे शिनाणे लाटांच्या माऱ्यातही ज्या प्रथिनांनी चिकटून राहतात, त्यांच्यावरून सुचलेला पॉलिडोपामाइनचा लेप २००७मध्ये पुढे आला. किंचित अल्कधर्मी पाण्यात डोपामाइन घालून वस्तू बुडवली की जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर तो बसतो. मात्र प्रत्येक लेप म्हणजे पाण्याच्या वाटेतला आणखी एक अडथळा, आणि मिसळलेले द्रव्य काळाने धुऊनही जाते. प्रयोगशाळेतल्या बशीएवढ्या तुकड्यावर दिसलेला गुण शेकडो मीटर लांबीच्या थानावर आणि दोन-तीन वर्षांच्या वापरात टिकतो का, हाच खरा कस असतो. क्लोरीन बिनधास्त सोसणारे आणि मीठही तितकेच अडवणारे पॉलिअमाइड अद्याप घरगुती बाजारात रुळलेले नाही. सेल्युलोज अॅसिटेट क्लोरीन बऱ्यापैकी सोसते, पण मीठ अडवण्यात कमी पडते.

तेव्हा नवे मेम्ब्रेन घेण्यापूर्वी पाण्यातील लोह, काठिण्य आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालतो. पावसाळ्यानंतर तुमची विहीर या मर्यादेत येत असेल, तर त्या महिन्यांत आरओची गरजच नाही, साधे गाळप आणि उकळणे पुरे.

प्रश्न : हेच यंत्र थेट समुद्राच्या पाण्यावर चालेल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाबच (गोड पाणी पटलातून खाऱ्या बाजूकडे ओढणारा जोर) २५ बारच्या वर जातो. त्याहून अधिक जोर लावल्याशिवाय गोड पाण्याचा थेंबही पलीकडे जात नाही. मोठ्या प्रकल्पांत ५५ ते ७० बार दाब देतात, तर घरगुती पंप साधारण पाच-सहा बारचा असतो.