हेडगार्ड घाल, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस

अरे, बॉक्सिंगसाठी डोक्यावर घालायचं नवं हेडगार्ड घेतलंस, छान. हनुवटीचा पट्टा नीट आवळ. मान वळवताना ते डोळ्यांवर सरकलं तर बाजूने येणारा ठोसा दिसणारच नाही. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा राहत नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डविना उतरले होते. तू मात्र सरावात घालच.

डोक्यावर ठोसा बसून गरगरलं, मळमळलं, उजेड खुपू लागला की लगेच रिंगबाहेर ये. मेंदूला मार बसला म्हणायला शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. 'काही होत नाही रे' म्हणणारे बरेच भेटतील, त्यांना खुशाल हसू दे. उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली तर थेट दवाखाना. आणि अशा वेळी वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारापर्यंत स्वतः गाडी हाकू नकोस, मी सोडतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, बंद. नवरात्र असली तर गरबाही!