औट म्हणजे किती, आणि साडेतीनच का?

प्रश्न असा: ‘औट घटकेचे राज्य’ यातला औट हा इंग्रजी ‘आऊट’ आहे का? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, कुंडलिनीचे, म्हणजे देहात वेटोळं घालून निजलेल्या शक्तीचे, वेढे साडेतीन, देह साडेतीन हात. मग या आकड्यात काही गूढ दडलंय का?

पहिल्याचं उत्तर सोपं. इंग्रजीचा इथे काडीचाही संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत, त्याच रांगेत औटकीही होती: एकाला साडेतीन, दोनाला सात, तिनाला साडेदहा. घटका 24 मिनिटांची, तेव्हा औट घटका म्हणजे 84 मिनिटं. गादीवर बसून अंग सैल करेपर्यंत उठायची वेळ, असा त्या वाक्प्रचाराचा रोख.

शब्द आला तो संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून, प्राकृत ‘अद्धुट्ठ’मार्गे. अर्धचतुर्थ म्हणजे तीन पुरे झाले आणि चौथा अर्धाच आहे. इथे गूढवाद्यांना भलताच मोह होतो. ओंकारात अ म्हणजे जागृती, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे सुषुप्ती आणि त्यांच्या पलीकडची चौथी ती तुरीया, असं मांडूक्य उपनिषद सांगतं. मग ‘अर्धा चौथा’ हा शब्दच तुरीयेकडे बोट दाखवतो की! ऐकायला झकास आहे, पण टिकत नाही. कारण दीडसुद्धा मुळात ‘दुसरा अर्धा’ आहे (द्व्यर्ध) आणि अडीच ‘तिसरा अर्धा’ (अर्धतृतीय). अपूर्णांक सांगायची ती सरसकट रीत होती. दिडकीत कोणी ब्रह्म शोधत नाही, तर औटकीतही शोधू नये.

शब्दाच्या घडणीत गूढ नाही, पण वापरात ते आहे, आणि भरपूर आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वळण घेऊन निजावं, तशी ती. ‘मोटकी औट वळणी’, म्हणजे बेताचे साडेतीन वेढे घातलेली, तोंड खाली करून झोपलेली. शब्द पाहा: 1290 च्या सुमाराला तुरीयेपासून कुंडलिनीपर्यंत सगळं मराठीत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांनी इथे पाढ्यातला, बाजारातला औटच घेतला. संस्कृत तंत्रग्रंथांतही हाच आकडा आहे. षट्चक्रनिरूपणात ‘सार्धत्रि’, म्हणजे अर्ध्यासकट तीन, असे वेढे सांगितलेत. आपला साडेतीन त्याच ‘सार्ध’च्या कुळातला.

आता साडेतीनच का? माझा कौल देहाच्या बाजूने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा तो एक हात, आणि हात 24 अंगुळांचा. चरकसंहितेच्या विमानस्थानात माणसाची उंची स्वतःच्या 84 अंगुळांइतकी दिली आहे. भागून पाहा, बरोबर साडेतीन हात येतात. कीर्तनकार साडेतीन हातांचा देह म्हणतात तेव्हा ती कविकल्पना नसते, माप असतं. पिंडी ते ब्रह्मांडी म्हणणाऱ्या परंपरेने पिंडाचंच माप आतल्या शक्तीला दिलं, यात नवल ते काय? अंगावरचे केस साडेतीन कोटी आणि तीर्थंही साडेतीन कोटी, हा हिशेबही त्याच वळणाचा.

जाता जाता एक सावधगिरी. औट घटकेची मिनिटं 84, देहाची अंगुळं 84, वर योनी 84 लक्ष! पण घटका-मिनिटांची सांगड घड्याळाने घातली, ऋषींनी नव्हे. अंकगूढाचा नाद लागला की असे योगायोग पावलोपावली भेटतात.

मला खरी गंमत वाटते ती त्या अर्ध्याची. ओंकाराच्या साडेतीन मात्रांत (अ, उ, म यांच्या तीन आणि वर अर्धी) ही अर्धी मात्रा सर्वांत थोर. देवीमाहात्म्यात ब्रह्मदेव देवीला म्हणतो, तू उच्चारता न येणारी अर्धमात्रा आहेस. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण पीठं आणि वणीची सप्तशृंगी अर्धं, ही महाराष्ट्राची गणती. तिचा अर्थ लावणारे वणीला हीच अर्धमात्रा मानतात. म्हणजे तिथे ‘अर्धं’ म्हणजे ‘उणं’ नव्हे. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा मुहूर्त. तिथे मात्र अर्ध्याला असं तत्त्वज्ञान चिकटलेलं नाही, आणि दिवाळीच्या पाडव्याला सोनं घेणाऱ्याचं त्यावाचून काही अडतही नाही.

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत तर हा अर्धा चक्क उलटा फिरतो. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे, का तर लेखणी तेज होती पण तलवार चालवत नव्हते. आणि उत्तर पेशवाईचा कारभार पुढे वर्षानुवर्षं सांभाळला तो याच अर्ध्याने.