पीएचडीची मौखिकी झाली, आता पुढे काय करावं?

तुम्ही विचारलंय की मौखिकी झाली, घरी पेढे वाटून झाले, आणि आता सकाळी उठून करायचं काय ते कळत नाही. मिळेल त्या कॉलेजात सीएचबी, म्हणजे तासांवर पैसे मिळणारी तात्पुरती प्राध्यापकी, धरावी का?

माझी मौखिकी संभाजीनगरला झाली. विषय होता १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात कामावर गेलेल्या बाया. खडी फोडणं, पाझर तलावावर माती वाहणं, मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, हे सगळं म्हाताऱ्या बायांच्या ओसरीवर बसून ऐकलेलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमलात आला १९७९ ला, आणि माझा प्रबंधही तिथंच थांबत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "या बायांनी खोदलेल्या तलावांत आज पाणी आहे का?" मी म्हणाले, "ते माझ्या अभ्यासाच्या व्याप्तीत येत नाही." कुणाची हरकत नव्हती. निकाल सांगितला, टाळ्या झाल्या.

आई मागच्या रांगेत बसली होती. लहानपणी तिनं स्वतः त्या कामावर पाट्या वाहिल्यात. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "सांगायचं होतं ना, आपल्या तळ्यात गाळ भरलाय म्हणून."

हे तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी सीएचबी धरली आणि तीन वर्षं त्यात गेली. पैसे तासांवर, सुट्टीत काहीच नाही, दर जूनला आदेशाची वाट. शिकवणं मला मनापासून आवडतं, पण त्या तीन वर्षांत प्रबंधाचं एक पान लेख म्हणून बाहेर गेलं नाही. म्हणून सांगते, घर चालवायला सीएचबी घ्यावी लागली तर जरूर घ्या, पण किती वर्षं ते आधीच ठरवा, आणि आठवड्याचे दोन दिवस लिहिण्यासाठी राखून ठेवा.

कागदपत्रांचं लगेच उरका. दुरुस्त्या करून अंतिम प्रत द्या, ती शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढली का पाहा, तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या. नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली नसेल तर तिकडे आधी वळा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं. सामाजिक शास्त्रांकडचे असाल तर आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपच्या जाहिरातीवर नजर ठेवा.

पण खरं काम वेगळं आहे. परीक्षकांचे अहवाल मागून घ्या आणि ज्या प्रश्नाला तुम्ही "व्याप्तीत नाही" म्हणालात, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मी तसंच केलं, उशिरा का होईना. आता त्याच गावांत परत जाते, ग्रामपंचायतीतले जुने कागद पाहते. काही ठिकाणी गाळावर बाभळी उगवल्यात. काही तळ्यांखालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असतं. असं का होतं, ते प्रबंधात कुठेच नव्हतं. ज्या बायांनी मला मुलाखती दिल्या त्यातल्या काही आता नाहीत. जिवंत आहेत त्यांना मी त्यांचंच बोलणं वाचून दाखवते, आणि त्या चुका काढतात.

दिवाळीनंतर आईला घेऊन आमच्या तळ्यावर जाणार आहे. पाट्यांची रांग कुठून कुठे लागायची, ते तिच्याकडूनच नकाशावर उतरवून घ्यायचंय.