फावडं एकच, कलमं दोन

डांबर गरम आहे तोवरच पसरावं लागतं, म्हणून रस्त्याची एक बाजू अडवावीच लागते. अडवलेल्या रस्त्यापाशी गाडीवाल्याला सगळ्यात आधी भेटतो तो झेंडेवाला. राग त्याच्यावरच निघतो. या वेळची पत्रं त्यातूनच आलेली आहेत.

मी ठेकेदाराकडे झेंडा दाखवायचं काम करतो. गाडी थांबवली म्हणून एकाने खाली उतरून कानाखाली मारली. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणाले. सरकारी कामात अडथळ्याचं कलम का लावलं नाही?

कारण रस्ता सरकारचा, काम सरकारचं, पण तुमचा पगार ठेकेदाराचा. भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लोकसेवकावरच्या हल्ल्यासाठी आहे, आणि लोकसेवक कोण हे कलम 2(28) मध्ये दिलंय. सरकारच्या किंवा पालिका-जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या नोकरीत असलेला माणूस त्यात येतो. ठेकेदाराच्या मस्टरवरचा माणूस सहसा येत नाही, अंगात नारिंगी जॅकेट असलं तरी. तीच थोबाडीत तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला बसली असती, तर गुन्हा दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र झाला असता. तुमच्या बाबतीत साध्या दुखापतीचं कलम 115(2) लागतं: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि अदखलपात्र. उन्हात आठ तास कोण उभं असतं हे पाहिलं, तर हा भेद मला उफराटा वाटतो. पण आज कायदा असा आहे.

म्हणून हातात काहीच नाही असं नाही. त्याने तुमची वाट अडवून धरली होती का? मग 126(2) लागतं, आणि ते दखलपात्र आहे. एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. अभियंता जागेवर होता आणि त्यालाही धक्काबुक्की झाली, तर त्याने स्वतःची फिर्याद द्यावी. घडलं नाही ते मात्र लिहू नका. एक खोटं वाक्य उलटतपासणीत बाकीची दहा खरी वाक्यं घेऊन बुडतं. नुसती एनसीच राहिली, तर तपासाचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मिळवता येतो.

मी पालिकेच्या रस्ते विभागात कायम बिगारी आहे. खड्डा बुजवताना दुचाकीवाल्याने हेल्मेट तोंडावर मारलं, एक दात पडला. आता त्याचे लोक घरी येऊन ‘पैसे घे आणि मिटव’ म्हणतात. मिटवता येईल का?

तुम्ही लोकसेवक आहात, आणि दात पडणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. मोडलेलं हाड आणि पडलेला दात एकाच व्याख्येत येतात, कलम 116 मध्ये. त्यामुळे तुमच्या प्रकरणाला 121(2) लागतं: कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षं कैद. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. तुम्ही पैसे घेतलेत, तरी खटला तुमच्या सहीने संपत नाही. वर साक्षीच्या वेळी तुमचीच अडचण होते.

जाता जाता एक गोष्ट. 2018 मध्ये महाराष्ट्राने जुन्या भादंविच्या (भारतीय दंड विधानाच्या) कलम 353 ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. 1 जुलै 2024 ला नवी संहिता आली आणि तिच्या 132 मध्ये पुन्हा दोन वर्षंच राहिली. तुम्हाला त्याचा फटका नाही, तुमचं कलम वेगळं. पण जुना आकडा सांगणारे अजून बरेच भेटतात.

मी मुकादम आहे. रात्रीच्या कामावर एका गाडीवाल्याने वाद घातला, गाडी मागे घेतली आणि रस्ता अडवायला ठेवलेले कोन उडवत आमच्या माणसाच्या अंगावर घातली. त्याचा पाय मोडला. पोलिस म्हणतात, अपघात आहे.

सगळं प्रकरण तुमच्या ‘मागे घेतली’ या दोन शब्दांवर उभं आहे. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम 281 म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. मुद्दाम अंगावर घातली असेल तर गाडी हेच हत्यार होतं. मग 118(2) येतं आणि, जीव घेण्याचा इरादा दिसत असेल तर, 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न. त्यात इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

इरादा पोटात असतो, तो क्रमावरून दाखवावा लागतो. म्हणून जबाबात क्रम जसाच्या तसा येऊ द्या: तो थांबला, काच खाली केली, काय बोलला, किती मागे गेला, मग पुढे आला. पंचनाम्यात पडलेले कोन कुठे होते, टायरच्या खुणा कुठे होत्या, ब्रेकची खूण होती की नव्हती, हे मोजून लिहायला सांगा. मोबाइलवर चित्रण असेल तर मूळ फोन जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत कोर्टात कमी पडते, आणि मूळ फोनवरून काढलेल्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पोलिस ऐकतच नसतील, तर लेखी तक्रार पोलिस अधीक्षकांना (शहर असेल तर आयुक्तालयात) पाठवा आणि पोच ठेवा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकारी.

पाय मोडलेल्या माणसाची नुकसानभरपाई फौजदारी खटल्यावर अवलंबून नाही. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई ठेकेदाराने द्यायची, आणि त्याने टाळली तर काम देणाऱ्या खात्याकडून मागता येते. हे तत्त्व 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय. ‘हल्ला म्हणजे अपघात नव्हे’ असं ठेकेदार म्हणेल. त्याला सांगा, भाडं घेऊन गेलेल्या रिक्षाचालकाचा गाडीसाठी खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये त्या खुनालाही भरपाईपुरता अपघातच मानलं. मस्टरची प्रत मात्र आजच काढून घ्या. अशा वेळी मस्टरमधली नावं गायब होतात, हे मी पाहिलंय.

आई रस्ता झाडते. धूळ उडाली म्हणून एका गाडीवाल्याने चार लोकांसमोर जातीवरून शिवी दिली. मारलं नाही. तक्रार होते का?

होते. आई अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि शिवी देणारा तसा नसेल, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. शिवी लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी दिलेली असावी लागते, आणि रस्ता तसा आहेच. शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा. ठाणे अंमलदार संकोचाने ‘अर्वाच्य शिवीगाळ’ असं लिहितो, आणि तिथेच केस ढिली पडते. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो.

मारून पळणाऱ्याच्या गाडीची चावी काढून घेतली तर चालेल?

नको. अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर घडला, तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला धरून सहा तासांच्या आत पोलिसांकडे देऊ शकतो. लोकसेवक नसलेल्याच्या थोबाडीत मारणं त्यात बसत नाही. चावीच्या झटापटीत त्याचा हात खरचटला की दोन तक्रारी होतात, आणि त्याची आधी नोंदली जाते. नंबर लिहून घ्या.

मी स्वतः गाडीवाला आहे. वळणावर एकही फलक नव्हता, थेट खडीत शिरलो. मग राग येणार नाही?

येईल. कामाच्या आधी सूचनाफलक, मग हळूहळू आवळत नेलेली कोनांची रांग, असा क्रम इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-55 या मार्गदर्शिकेत आहे, आणि तो पाळायची जबाबदारी ठेकेदाराची. फोटो काढा, बांधकाम खात्याला लेखी कळवा, गाडीचं नुकसान झालं असेल तर भरपाई मागा. फलक कुठे लावायचा हे झेंडेवाला ठरवत नाही. त्याला तो मिळाला असता, तर त्यानेच आधी लावला असता.