मानसशास्त्रात पीएच.डी. करून वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, संशोधन आणि रुग्णसेवा तिन्ही करता येतात का?

येतात. मात्र 'की डॉक्टरांच्या प्रकल्पांसाठी प्रश्नावल्या भरून घेण्यातच आयुष्य जाते?' हे तुमचे पुढचे वाक्य झोंबले, म्हणून लिहितो.

उच्च रक्तदाबाच्या एका रुग्णाच्या केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' असा शेरा होता आणि औषधाची मात्रा वाढवण्याचे घाटत होते. मी त्यांना गोळ्यांची पाकिटे घेऊन बोलावले. पाकिटांवर वार छापलेले होते. रविवारच्या गोळ्या घेतलेल्या, कामाच्या दिवसांच्या बहुतेक जागच्या जागी. गृहस्थ बसचालक होते, गोळी लघवी वाढवणारी होती आणि फेरी सुरू झाली की मध्ये उतरायची सोय नव्हती. डॉक्टरांनी गोळी पाळी संपवून दुपारी घरी आल्यावर घ्यायला सांगितली आणि पुढे रक्तदाब आटोक्यात आला. विभागाच्या बैठकीत एका वरिष्ठ हृदयरोगतज्ज्ञांनी 'ही व्यवहारबुद्धी झाली, शास्त्र नव्हे' असा निकाल दिला. मग ती शेरा लिहिणाऱ्यांपैकी एकालाही कशी सुचली नाही, असे मी तिथेच विचारले. त्यांच्या पुढच्या प्रकल्पात अर्थातच माझे नाव नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार नीट पाळण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच आहे. निम्म्या रुग्णांना बेजबाबदार ठरवणे हे कुठले शास्त्र? मधुमेह प्रतिबंधाच्या २००२ मधल्या अमेरिकी चाचणीत मेटफॉर्मिन या औषधाने मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, तर आहार-व्यायामातील नियोजनबद्ध बदलांनी ५८ टक्क्यांनी, आणि ते बदल टिकवून धरणे हेच तर आपले, मानसशास्त्रज्ञांचे, काम आहे. म्हणून संख्याशास्त्र आणि चाचणीची रचना पक्की शिका, आणि संशोधनाचा प्रश्न ठरत असतानाच बैठकीत बसा. आराखडा मंजूर झाल्यावर 'एक प्रश्नावली जोडून द्या' म्हणणाऱ्यांना स्पष्ट नकार द्या.

रुग्णसेवेबद्दल एवढेच, की निव्वळ संशोधनाच्या पीएच.डी.ने उपचार करण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी चिकित्सा मानसशास्त्राचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते. शिवाय अशी बरीच पदे अनुदानावर चालतात आणि प्रकल्प संपला की पगारही थांबतो, त्यामुळे नकार देण्याचा माझा सल्ला कायम पद मिळाल्यावरच पुरता अमलात आणा. आणखी एक. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या नैराश्यावर बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारा मानसोपचार) देणाऱ्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नैराश्य कमी झाले, पण मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. हृदयरोगतज्ज्ञांशी वाद घालताना ही चाचणी आपणच आधी मांडावी, कारण ते ती काढणारच.